बुधवारी कोपर

माझी मांडी गेली ती टिटवाळ्याला. म्हणजे हाडबीड मोडलं नाही, बसायची मांडी गेली. तिथल्या एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये माघी गणपतीला आमच्या स्वरसंध्या महिला भजनी मंडळाचा कार्यक्रम होता आणि नेहमीप्रमाणे पेटीवर मी होते. कार्यक्रम उत्तम झाला. मग आरती सुरू झाली, सगळे उभे राहिले, आणि मी उठायला गेले तर गुडघ्यांनी साफ नकार दिला. उजवा म्हणे आधी डावा, डावा म्हणे आधी उजवा. शेवटी मी डोळे मिटून घेतले आणि बसल्या बसल्याच आरती वाजवत राहिले.

लोकांना वाटलं, बाईंची समाधी लागली. आरती संपल्यावर एक सूनबाई मुलाला घेऊन आली आणि माझ्या पाया पडली. पाया म्हणजे काय, साडीतून दिसत होता तेवढ्या अंगठ्याला हात लावला. मग रांगच लागली. कुणीतरी पुढ्यात नारळ ठेवला. "यांच्या अंगात कुठली देवी येते?" असं एका आजोबांनी शेजारणीला हळूच विचारलेलंही मी ऐकलं. डोळे उघडले असते तर उठावं लागलं असतं, म्हणून मी ते मिटलेलेच ठेवले. शेवटी मंडळातल्या दोघींनी काखेत हात घालून मला ओढून उभं केलं, तेव्हा माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो ऐकून त्या आजोबांनी काय समजायचं ते समजून घेतलं असावं.

हा सगळा तमाशा कांताताई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. कांताताई आमच्या मंडळाच्या प्रमुख. माझ्याहून थोड्या मोठ्या, आवाज खणखणीत, पाचवारीची एक निरी कधी इकडची तिकडे नाही. त्या कार्यक्रमात कधी बसत नाहीत. हातात टाळ घेऊन उभ्यानेच गातात. "देवापुढे ऐसपैस बसून कसलं गायचं?" असं त्यांचं म्हणणं. बसलेल्या आम्हा सगळ्यांना त्यामुळे कायम थोडं अपराधी वाटतं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी घरी बैठक बोलावली.

"बाळकुमला स्पर्धा आहे," त्यांनी जाहीर केलं. "नियम कडक आहेत. सादरीकरण बैठकीतच. वादकांना खुर्ची, स्टूल काही चालणार नाही. फार तर दोन टाळकरी उभे राहिले तर चालतील." मग चष्मा खाली करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तर उभ्यात एक मी. आणि उत्तरा, तू माझ्या शेजारी टाळ घेऊन उभी राहा. पेटी संचिता वाजवेल."

संचिता मंडळात नवी. चाळिशीची, बँकेत नोकरीला. वाटाणे सोलायला बसली तरी पद्मासनात बसते. पेटी यूट्यूबवर शिकली. ती वाईट वाजवते असं मी म्हणणार नाही. वाजवते, एवढंच म्हणेन.

मला तिथल्या तिथे रडू फुटायची वेळ आली. मंडळ सुरू झालं तेव्हापासून पेटी माझी. तुम्हाला खरं सांगते, घरात मी बोलायला लागले तर कुणी गप्प होत नाही. टीव्हीसुद्धा होत नाही. पण मी पेटीवर सा धरला की वीस बायका बोलणं अर्धवट सोडून गप्प होतात आणि माझ्या सुरात येतात. आयुष्यात मला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. तो काढून हातात टाळ द्यायचे? टाळ कुणीही वाजवतं.

"आणि मी मांडी घालून बसून दाखवलं तर?" मी विचारलं.

"कधी?"

"स्पर्धेच्या आधीच्या शेवटच्या सरावाला. सगळ्यांच्या समोर. बसून, पूर्ण कार्यक्रम वाजवून."

कांताताई जरा वेळ टाळाच्या दोरीशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघू." आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय ते मी सांगायला नको.

"मी योगासनांचा क्लास लावतेय," घरी येऊन मी सांगितलं. माझे यजमान गुरुदत्त पेपर वाचत होते.

"कुणासाठी?" ते म्हणाले.

आमच्या गल्लीतच एक क्लास आहे, पण तिथे सगळ्या ओळखीच्या. मी पडले की संध्याकाळपर्यंत भाजीवाल्यालाही कळलं असतं. म्हणून मी पुलापलीकडे डोंबिवली पूर्वेचा एक क्लास शोधून काढला. बाहेर पाटी होती, 'नवशिक्यांसाठी सोपी योगासने'. त्यातला 'सोपी' हा शब्द ज्याने रंगवला त्याला मला एकदा भेटायचं आहे.

शिकवणारी अमृता पंचविशीची, डोक्यावर मधोमध अंबाडा बांधलेली. राहायला कोपरला, डोंबिवलीच्या शेजारच्याच स्टेशनला. तिचं कुणाशी वाकडं नाही. माणूस पडला तरी ती "सुपर!" म्हणते.

"काकू, एकदम इझी आहे," ती म्हणाली. "बॉडीला फोर्स नाही करायचा. फक्त ब्रीद करायचं. आधी ताडासन. नुसतं उभं राहायचं."

"उभं राहता येतं मला," मी म्हणाले.

तर म्हणे नाही येत. तिने माझे खांदे मागे घेतले, पोट आत घ्यायला लावलं, हनुवटी सरळ केली, टाचा जुळवल्या, आणि इतकी वर्षं मी चुकीची उभी होते असं निष्पन्न झालं. त्यानंतर वृक्षासन. एका पायावर उभं राहून दुसऱ्याचा तळवा मांडीला लावायचा आणि हात वर जोडायचे. माझा वृक्ष शेजारच्या बाईंवर कोसळला. त्यांचा आधीच भिंतीला टेकलेला होता म्हणून दोघी वाचलो. भुजंगासनात पालथं पडून फणा काढायचा असतो. मी पालथी पडले, फणा काही निघाला नाही. "सुपर!" अमृता म्हणाली.

मार्जारासन मला बरं जमायला लागलं. हातापायांवर ओणवं व्हायचं आणि मांजरासारखी पाठ वर घ्यायची, मग खाली. मी ते घरीही करायला लागले. पहिल्या दिवशी गुरुदत्त दाराशी येऊन थांबले, थोडा वेळ बघितलं, आणि म्हणाले, "काय सापडत नाहीये? मी शोधू का?"

पण माझं खरं काम होतं ते सुखासनाशी. सुखासन म्हणजे साधी मांडी. ती घातली की माझे दोन्ही गुडघे मंगळागौरीला निघाल्यासारखे वर येत आणि पाठीला पोक येई. यालाच ज्यांनी सुखासन म्हटलं त्या पूर्वजांच्या सुखाच्या कल्पना काय असतील याचा मी बराच विचार केला.

"काकू, खाली ब्लँकेटची घडी घ्या," अमृता रोज सांगायची. "हिप्स वर आले की नीज आपोआप खाली जातात. बिगिनर्सना सगळ्यांना देते मी."

मी रोज नाही म्हणायची. खाली घड्या घेऊन बसणं म्हणजे आजारी माणसाचं काम. शिवाय माझी आई शेवटपर्यंत जमिनीवर बसून भाकऱ्या थापायची, वगैरे वगैरे मी तिला ऐकवलं. शेवटी एकदा कुणी बघत नाही असं पाहून मी घडी ओढली आणि वर बसले. गुडघे हळूहळू खाली यायला लागले. पाठ सरळ झाली. मला खरंच सुख वाटलं, आणि आपण इतके दिवस उगाच नाक वर करून बसलो याचा रागही आला.

शवासन मात्र मला पहिल्या दिवसापासून येत होतं. उताणं पडायचं आणि काही करायचं नाही. त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या सोमवारीही अमृता हळू आवाजात काहीतरी सांगत होती, खांदे, गुडघे, अंग सैल, असे काही शब्द कानावर पडत होते, आणि मी डोळे उघडले तेव्हा हॉल रिकामा होता. "सुपर, काकू," अमृता चटया गुंडाळत म्हणाली. "पण घोरता तुम्ही."

मंगळवारी संध्याकाळी तिचा मेसेज आला. ती प्रत्येकीला वेगवेगळा मेसेज पाठवते, त्यामुळे क्लासला कोण कोण येतं ते कळत नाही. मेसेज असा: 'उद्या बुधवार – कोपर! दोन्ही बॅच एकत्र, सकाळी सात वाजता. जाड मॅट आणा. कुणीही चुकवू नका, मज्जा येणार आहे.'

"बाहेर मोकळ्यावर घेणार असेल," मी गुरुदत्तना म्हणाले. "ती राहतेच कोपरला."

"कोपरला सकाळी सात वाजता कसली मजा येते?" त्यांनी विचारलं. मी लक्ष दिलं नाही.

सकाळी रिक्षा करून मी कोपर स्टेशनच्या बाहेर उतरले. काखेत जाड मॅट. आमच्या क्लासपैकी कुणी दिसेना. फुलवाला हार ओवत होता, पेपरवाला पुरवण्या भरत होता, आणि येणारे जाणारे माझ्या मॅटकडे बघत होते. मी पेपरच्या स्टॉलला एक चक्कर मारली तर पलीकडे अजून एक मॅट दिसली. गुंडाळलेली, जांभळी. ती जिच्या काखेत होती ती बाई पाठमोरी होती. गुलाबी पंजाबी ड्रेस, पायात पांढरे बूट. चला, एक तरी भेटली, म्हणून मी पुढे झाले.

बाई वळली आणि कांताताई निघाल्या.

कांताताईंना मी पाचवारीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

"अगं उत्तरा! इकडे कुठे?"

"बहिणीकडे," मी म्हणाले. माझी एकुलती एक बहीण नागपूरला असते, हे कांताताईंना चांगलं माहीत आहे.

"चटई घेऊन?"

"तिच्याकडे चटई नाहीये. तुम्ही?"

"मी मॉर्निंग वॉकला."

"कोपरपर्यंत? आणि ही मॅट?"

"दमले की बसायला," त्या म्हणून गेल्या, आणि त्यांनी जीभ चावली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अमृता. मला कानाला लावून नीट ऐकू येत नाही म्हणून मी नेहमी स्पीकर लावते, तसा लावला.

"काकू, कुठे आहात? आम्ही सुरू करतोय!"

"अगं कोपरला! स्टेशनबाहेर उभी आहे. तुम्ही कुठे आहात सगळे?"

ती म्हणाली, "काकू... हॉलमध्येच आहोत. कोपर म्हणजे कोपर! हाताचं! एल्बो! सोमवारी नाही का शवासनात सगळा प्लॅन सांगितला? सोमवारी खांदे, मंगळवारी गुडघे, बुधवारी कोपर. आज एल्बोवर बॉडी उचलायची, म्हणून तर जाड मॅट आणायला सांगितली." मागे अख्खा हॉल हसत होता. "काय यार... आणि संध्याकाळच्या बॅचच्या कांताकाकू पण नाही आल्यात अजून. त्यांना ओळखता का तुम्ही?"

मी कांताताईंकडे पाहिलं. कांताताई स्टेशनच्या पाटीकडे पाहत होत्या.

"ओळखते," मी म्हणाले. "येतील त्या," आणि फोन ठेवला.

"शवासनात मला झोप लागते," कांताताई पाटीकडेच बघत म्हणाल्या.

मला आधी हसू आलं, आणि ते एकदा आलं ते थांबेना. मग त्यांनाही आलं. आम्ही दोघी मॅट पोटाशी धरून इतक्या हसलो की फुलवाल्याने ओवायचं थांबवलं. शेजारच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. पुढे एक बुटका कट्टा होता. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं आणि दोघी उभ्याच राहिलो.

"मला खाली बसता येत नाही, उत्तरा," चहाचा कप दोन्ही हातांत धरून कांताताई म्हणाल्या. "दोनेक वर्षं झाली."

"मग ते देवापुढे बसून गायचं नाही म्हणता ते?"

"बसता येत नाही म्हणून म्हणते."

"आणि माझी पेटी? तुम्हाला बसता येत नाही म्हणून माझी पेटी काढलीत?" हसू कुठच्या कुठे गेलं आणि माझा आवाज चढला. "मला किती लागलं माहितेय? मी रोज पहाटे उठून मांजर होतेय त्या पेटीसाठी!"

कांताताईंनी कप खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"टिटवाळ्याला तुला उचललं ना दोघींनी, तेव्हा मी घाबरले. वाटलं, उद्या मला असंच उचलतील. स्पर्धेत सगळ्या बसणार आणि मी एकटीच उभी. लगेच कळलं असतं लोकांना. दोघी उभ्या राहिलो तर मंडळाची पद्धत दिसते. एकटी उभी राहिले तर म्हातारी दिसते." त्यांनी डोळे पुसले. "मला एकटीला उभं राहायचं नव्हतं गं."

कांताताईंना काय काय सुनवायचं ते मी इतके दिवस तयार करून ठेवलं होतं. वृक्षासन करताना तर मी तेच मनात म्हणत असे. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं राहिलं नाही.

"सांगायचं होतंत ना मला," मी म्हणाले.

"तुला? तू अख्ख्या डोंबिवलीला सांगितलं असतंस."

हे खरं होतं, त्यामुळे मी चहा प्याले. मग विचारलं, "खाली घडी घेता का?"

"छे! ती मुलगी रोज म्हणते. घड्या घ्यायला मी काय आजारी आहे?"

त्या दिवसापासून कांताताई दुपारी आमच्याकडे यायला लागल्या. मी त्यांना घडीवर बसवलं. पहिल्यांदा त्या 'आई गं' म्हणाल्या, दुसऱ्यांदा मला बोलल्या, आणि मग एकदा टेकल्या त्या टेकल्याच. डोळे मिटून त्यांनी हळूच सूर लावला. बसून लावलेला त्यांचा सूर मी किती दिवसांनी ऐकला. मला भरून आलं. गुरुदत्त मात्र दार लावून आत बसायचे, कारण दोन मांजरं बघवत नाहीत म्हणे.

शेवटच्या सरावाला मी घडी अंथरली, मांडी घातली आणि पूर्ण कार्यक्रम वाजवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "पेटी उत्तराचीच," कांताताई म्हणाल्या. मी जरा ऐटीतच संचिताकडे पाहिलं. तर ती म्हणाली, "हुश्श! थँक यू, काकू. मार्च एंडिंगमध्ये प्रॅक्टिस करायची कधी, मला टेन्शनच आलेलं." जिला मी इतके दिवस वैरीण समजत होते तिला पेटी नकोच होती. माणसाचा किती राग फुकट जातो.

बाळकुमला आमचा नंबर आला नाही, ते आधीच सांगून टाकते. पण आमच्या मंडळाचं नाव पुकारलं, पडदा सरकला, आणि स्टेजवर चढताना माझ्या लक्षात आलं की कांताताईंच्या हातात फक्त टाळ आहेत.

"घडी कुठेय?" मी कुजबुजले.

"गाडीत ठेवली. एवढ्या लोकांत चादर काखेत मारून कुठे येऊ?"

गादीपाशी जाऊन त्या बसायला वाकल्या आणि अर्ध्यात अडकल्या. खाली जाता येईना, वर येता येईना. समोर तीन परीक्षक, मागे हॉल भरलेला. कांताताईंचा चेहरा पांढरा पडला आणि उभं राहण्यासाठी त्यांनी गुडघ्यावर हात दाबला. मी तोवर पेटीमागे बसलेही होते. काय करावं याचा विचार मी केला नाही. केला असता तर केलंच नसतं. मी माझ्या खालची घडी ओढून काढली आणि त्यांच्याखाली सारली. कांताताई खाली आल्या.

आणि माझे गुडघे वर आले.

पहिला गजर निभावला. दुसऱ्या अभंगाला उजवा गुडघा कुरकुरायला लागला. तिसऱ्याला तर त्याने माझं ऐकायचंच सोडलं, आणि माझा पाय पेटीच्या बाजूने सरळ परीक्षकांच्या दिशेने निघाला. वाजवणं थांबवता येईना आणि पाय आत घेता येईना. तिन्ही परीक्षक माझ्या तळव्याकडे पाहायला लागले. तेवढ्यात शेजारी टाळ धरलेल्या संचिताने पदर सोडला आणि माझ्या पायावर पसरून टाकला. पुढचे तीन अभंग मी असेच वाजवले, एक पाय मांडीत आणि दुसरा संचिताच्या पदराखाली. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही.

शेवटी मंडळाची ओळख करून द्यायची असते. कांताताईंनी माईक जवळ ओढला. बसल्या जागेवरून एकेकीचं नाव घेतलं, संचिताचं घेतलं, आणि मग त्या माझ्याकडे वळल्या.

"आणि पेटीवर," त्या म्हणाल्या, "माझ्या शेजारी बसलेली, उत्तरा."

'शेजारी' म्हणताना तो खणखणीत आवाज मधोमध चिरला. हॉलला कळायच्या आत मी सा जोरात धरला, आणि त्या सुरात आल्या.